कीपर बाहेर आलेला, गोललाइनवर त्यांचा एक जण उभा, तरी ऑफसाइड? आणि वर रेड कार्ड पण

लेफ्टबॅक_कोथरूड:
मंडळी एक निवाडा करून द्या, आमच्या टीमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रविवारपासून हेच चाललंय आणि दोघं जण तर ग्रुप सोडून गेलेत. लोकल टुर्नामेंट, ११ वि. ११, सेमीफायनल, कुठली ते सांगत नाही. १-१ चालू होतं, शेवटची दहाएक मिनिटं राहिलेली. आम्हाला कॉर्नर मिळाला, विंगरने आत मारला, त्यांचा कीपर पंच करायला बाहेर आला आणि पूर्ण चुकला, बॉल आमच्या स्टॉपरच्या (मधल्या डिफेन्डरच्या) डोक्याला लागून गोलकडे निघाला आणि सेकंड पोस्टला आमचा नऊ नंबर होता त्याने नुसता पाय लावून आत ढकलला. आम्ही सगळे एकमेकांच्या अंगावर, आणि इकडे लाइन्समनचा फ्लॅग वर. ऑफसाइड.

आता मला सांगा, त्यांचा एक डिफेन्डर चक्क गोललाइनवर पोस्टला धरून उभा होता, आमच्या पोराच्याही मागे. मग ऑफसाइड कसा काय? आणि मुळात कॉर्नरवर ऑफसाइड नसतोच ना? की नियम बदललाय मधल्या मधे?

पुढचं अजून भारी आहे. नऊ नंबर पळत लाइन्समनकडे गेला, "डोळे उघडे ठेव की जरा" असं काहीतरी म्हणाला, यलो. ठीक आहे, समजू शकतो. पण मागे फिरला आणि जाता जाता डोक्यावर हात नेऊन टाळ्या वाजवल्या तर लगेच दुसरा यलो आणि रेड. आमचे कोच हे काय चाललंय म्हणून मैदानात घुसले तर त्यांना पण यलो. मग दहा जणांत कसंबसं तग धरला आणि पेनल्टीवर हरलो. अरे टाळ्यांसाठी रेड? शिवी नाही, धक्का नाही, काही नाही.

पेठी_गनर:
ऑफसाइड होता. फ्लॅगवाल्याचे डोळे उघडेच होते.

सगळ्यांचा घोळ एकाच जागी होतो. टीव्हीवर कॉमेंटेटर "लास्ट डिफेन्डर, लास्ट डिफेन्डर" करत बसतात त्यामुळे लोकांना वाटतं की कीपर वेगळा आणि तो सोडून मागे एक जण पाहिजे. नियमात कीपर हा शब्दच नाही तिथे. विरोधी टीमचा शेवटून, म्हणजे गोललाइनकडून मोजून, दुसरा खेळाडू, एवढंच आहे. एरवी कीपर शेवटचा असतो म्हणून डिफेन्डर शेवटून दुसरा होतो, सोपं जातं. तुमच्या केसमधे कीपर बाहेर येऊन फसला, म्हणजे पोस्ट धरून उभा होता तो झाला शेवटचा. शेवटून दुसरा कोण होता ते तू लिहिलंच नाहीयेस, पण तुमच्या नऊ नंबरपेक्षा गोललाइनपासून लांब कुठेतरी असणार.

हे असंच्या असं २०१० च्या वर्ल्डकपच्या पहिल्याच मॅचला झालंय, साउथ आफ्रिका वि. मेक्सिको. कॉर्नर, कीपर खुने बाहेर आलेला, फ्लिक झाला आणि कार्लोस वेलाने पोस्टजवळून गोल मारला. लाइनवर आफ्रिकेचा एक जण होता. फ्लॅग वर, गोल रद्द, आणि अर्ध्या जगाने त्या लाइन्समनला शिव्या घातल्या. तो बरोबर होता. तेव्हा आमच्या वाड्यात अख्खी गॅलरी भरून लोक बघत होते आणि त्यातल्या निम्म्यांना आजही पटलेलं नाही.

शिट्टीवाला:
गनर साहेबांनी बरोबर सांगितलंय. मी जिल्ह्याची रेफ्रीची परीक्षा दिलेली आहे, कॉलेज आणि क्लबच्या मॅचेस करतो, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर खाली जा.

कॉर्नरचं आधी. कॉर्नर, थ्रो आणि गोल किक, या तिन्हींवरून थेट बॉल आला तर ऑफसाइड नाही. थेट. तुमच्या विंगरने मारलेला कॉर्नर सरळ नऊ नंबरकडे आला असता तर तो कीपरच्या मागे नेटमधे उभा असता तरी चाललं असतं. पण मधे तुमच्या स्टॉपरचं डोकं लागलं. तिथे कॉर्नर संपला, आणि त्या हेडरच्या क्षणी कोण कुठे उभा आहे हे नव्याने बघायचं. बहुतेक लोकल मॅचमधे भांडण याच्यावरूनच होतं कारण लोकांच्या डोक्यात "कॉर्नरवर ऑफसाइड नाही" एवढं अर्धं वाक्य बसलेलं असतं.

आता पोझिशन. तीन गोष्टी एकदम लागतात. एक, खेळाडू समोरच्यांच्या हाफमधे पाहिजे. दोन, बॉलच्या पुढे पाहिजे, म्हणजे गोललाइनला बॉलपेक्षा जवळ. तीन, शेवटून दुसऱ्या विरोधी खेळाडूपेक्षा जवळ. बरोबरीत असेल तर ऑफसाइड नाही, हे १९९० पासून आहे, त्याआधी बरोबरीतला पण ऑफसाइड असायचा. आणि डोकं, धड, पाय हेच धरायचं, हात धरायचे नाहीत, कीपरचे पण नाहीत. हात कुठून सुरू होतो तर काखेच्या खालच्या टोकापासून, ही रेघ पण नियमात लिहून दिलेली आहे.

लेफ्टबॅक, मला एकच सांग, तुमच्या स्टॉपरने हेड केलं तेव्हा बाकीचे डिफेन्डर कुठे होते?

लेफ्टबॅक_कोथरूड:
बाकीचे सगळे आमच्या मोठ्या पोरांना मार्क करून पेनल्टी स्पॉटच्या आसपास. कीपर पण तिथेच सहा यार्डाच्या बाहेर येऊन पडलेला. नऊ नंबर गोलपासून दोन-तीन यार्डावर.

शिट्टीवाला:
मग संपलाच विषय. लाइनवरचा तो एक आणि बाकी सगळे तुमच्या नऊ नंबरपेक्षा गोलपासून लांब. ऑफसाइड.

कोल्हापूरकर_सध्या_हिंजवडी:
आयला एवढं सगळं लाइन्समन पळत पळत बघतोय व्हय. आमच्याकडं शाहू स्टेडियमला पाटाकडील वि. दिलबहार असली की वरनं पन्नास जणं ऑफसाइड ऑफसाइड वरडत असत्यात, आणि खालचा लाइन्समन बिचारा एकटा. पेठापेठांची ईर्षा, त्यात तालमीची पोरं. तिथं फ्लॅग वर करायचा म्हणजे छातीच पायजे भावा.

पर मला एक शंका हाय. ऑफसाइडला उभा राहिला म्हणजे लगेच ऑफसाइड द्यायचा का? आमचा एक पोरगा सारखा तिकडंच कीपरच्या गळ्यात गळा घालून उभा असतो, बॉल त्याच्याकडं येतच नाही, आणि दर वेळी फ्लॅग वर. आमी वरडतोय की तो खेळलाच नाही.

शिट्टीवाला:
नुसतं उभं राहणं हा गुन्हा नाही. गुन्हा तेव्हा जेव्हा तो खेळात भाग घेतो. म्हणजे बॉलला पाय लावतो, किंवा समोरच्याला अडवतो, कीपरची नजर झाकतो, किंवा पोस्टला, कीपरला लागून परत आलेला बॉल मारतो. तुमचा पोरगा कीपरच्या गळ्यात गळा घालून उभा असेल तर कीपरला बॉल दिसत नाहीये, मग फ्लॅग बरोबरच आहे. पाच-सात यार्ड बाजूला उभा राहू दे, मग बघ.

पण हे "भाग घेणं" म्हणजे नक्की किती, इथे रेफ्री-रेफ्रीत पण जुंपते. जानेवारी २०२३ ची मँचेस्टर डर्बी आठवते का, युनायटेड वि. सिटी, युनायटेडचा रॅशफर्ड ऑफसाइडला होता, बॉलच्या मागे मागे पळत राहिला, पाय लावला नाही, आणि शेवटी मागून ब्रुनो फर्नांडिसने येऊन मारला. आधी फ्लॅग वर होता, मग गोल दिला. मी स्वतः असतो तर दिला नसता, कारण सिटीचे डिफेन्डर रॅशफर्डमुळेच थांबले हे सरळ दिसतं. पण पुस्तकातले शब्द धरून बसलं तर तो निर्णय पण बसवता येतो.

पेठी_गनर:
तो गोल बसवता येत नाही. मी मानणार नाही. युनायटेडचा होता म्हणून बसवला.

बालेवाडी_जुना:
मी पुणे एफसीच्या आय-लीगच्या दिवसांपासून बालेवाडीला जातोय, मग एफसी पुणे सिटी आली, २०१९ ला तीपण गेली हैदराबादला, आता स्टेडियमवरून नुसती गाडी घेऊन जातो. तर सांगायचं हे की आपल्याकडे आयएसएलला (इंडियन सुपर लीगला) सुद्धा व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ बघून निर्णय तपासायची सोय, नाही, मग कोथरूडच्या टुर्नामेंटला काय अपेक्षा ठेवताय. २०२२ च्या कतार वर्ल्डकपला स्टेडियमच्या छताला बारा कॅमेरे होते, एकेका खेळाडूच्या अंगावरचे २९ पॉइंट सेकंदाला पन्नास वेळा टिपायचे, बॉलमधे सेन्सर होता तो सेकंदाला पाचशे वेळा सिग्नल द्यायचा. आणि तरीही पहिल्याच मॅचला तिसऱ्या मिनिटाला एक्वाडोरचा गोल रद्द झाला तेव्हा दोन मिनिटं कोणालाच कळेना की का. अर्जेंटिनाचे सौदीविरुद्ध पहिल्या हाफमधेच तीन गोल असेच उडाले आणि मग हरले ते.

पण मला यातलं ऑफसाइडचं काही वाटत नाही, मला त्या रेड कार्डाचं बोलायचंय. लोक म्हणतात टाळ्यांसाठी रेड जास्त झालं. अरे, रेफ्री चुकला म्हणून रागावण्याचा हक्क आहे, मान्य, पण तो राग कुठे न्यायचा याचं एक उदाहरण आपल्याच देशातलं आहे. ३ मार्च २०२३, बेंगळुरू, कांतीरवा स्टेडियम, आयएसएलची नॉकआउट. एक्स्ट्रा टाइममधे फ्रीकिक, केरळाची भिंत लागायच्या आत बेंगळुरूच्या छेत्रीने पटकन मारून गोल केला. रेफ्रीने दिला. केरळा ब्लास्टर्सचा कोच वुकोमानोविच आत आला आणि टीमला घेऊन सरळ ड्रेसिंग रूमला गेला. मॅच सोडली. नंतर एआयएफएफने (भारतीय फुटबॉल फेडरेशनने) क्लबला ४ कोटी दंड केला आणि कोचवर १० मॅचची बंदी, वर ५ लाख. गोल बरोबर होता की नाही याच्यावर आजही चहा संपेपर्यंत भांडता येतं, मला स्वतःला वाटतं की फ्रीकिक पटकन घ्यायचा हक्क असतो, रेफ्रीने शिट्टीची वाट बघायला सांगितलं नसेल तर. पण मॅच सोडून जाणं याच्यावर भांडण नाहीच. हरायचं तर मैदानात हरा.

लेफ्टबॅक_कोथरूड:
पण काका, केरळाने मॅच सोडली. आमच्या पोराने टाळ्या वाजवल्या. काहीतरी फरक करा की राव. आणि भारत-कतार विसरलात का? जून २०२४, दोहा, वर्ल्डकप क्वालिफायर, छांगतेने आपल्याला पुढे नेलेलं, आणि मग बॉल गोललाइनच्या बाहेर गेलेला सगळ्यांना दिसतोय, कतारचा एक जण तो आत ओढतो काय, ते गोल करतात काय, आणि रेफ्री देतो. २-१ हरलो आणि बाहेर. तिथे आपल्या खेळाडूंनी काय करायला पाहिजे होतं, थँक्यू सर म्हणायचं?

बालेवाडी_जुना:
काही झालं तरी ते मैदानातच थांबले ना, उरलेली मॅच खेळले ना. फेडरेशनने नंतर तक्रार केली. मार्ग आहे तो.

शिट्टीवाला:
कार्डांवर मी लिहिणारच होतो.

पहिला यलो. नियमात आहे की शब्दाने किंवा कृतीने निर्णयाला विरोध दाखवला तर यलो. "डोळे उघडे ठेव" हे अगदी पुस्तकी उदाहरण आहे. दुसरा यलो, टाळ्या. कोच आणि बेंचवरच्या लोकांसाठी २०१९ पासून नियमातच यलो आणि रेड दाखवायची सोय आहे आणि त्यांच्या यलोच्या यादीत उपहासाने टाळ्या वाजवणं असं शब्दशः लिहिलेलं आहे. खेळाडूंसाठी ते विरोधाच्या कृतीत मोडतं. म्हणजे दोन्ही कार्डं नियमात बसतात, आणि दुसरा यलो म्हणजे रेड, त्यात रेफ्रीला पर्याय नाही.

आता खरी गंमत तुमच्या कोचची आहे. रेफ्रीला जाब विचारायला म्हणून मैदानात शिरणं हा कोचसाठी सरळ रेडचा गुन्हा आहे. तुमचा रेफ्री तिथे यलोवर थांबला. ते तुमच्या ग्रुपवर कोणी लिहिलं का?

पेठी_गनर:
कोणी लिहील कशाला, कोच अॅडमिन असेल.

लेफ्टबॅक_कोथरूड:
कोच अॅडमिनच आहेत.

कोल्हापूरकर_सध्या_हिंजवडी:
😂😂 आरं मेलो

पर शिट्टीवाले भाऊ, शिवीचं काय? आमच्यात शिवी म्हणजे नुसती हाक असत्या. पास चुकला की तोंडातनं निघतंच, सवताला पण देतो आमी. पुण्यात आल्यावर पयल्याच मॅचला मला यलो, मी म्हटलं मी रेफ्रीला नाय माज्या पायाला बोललो.

शिट्टीवाला:
शिवी देऊन अपमान केला, मग तो रेफ्रीचा असो, समोरच्याचा असो, की स्वतःच्या टीममधल्याचा, सरळ रेड आहे, यलो नाही. स्वतःच्या पायाला दिलेली शिवी रेफ्रीच्या समजुतीवर. मी मुलांना एकदा "तोंड सांभाळ" सांगतो, कोणाच्या दिशेने बोलला ते बघतो, मग ठरवतो. तुला यलोवर सोडलं म्हणजे तो रेफ्री समजूतदार होता, किंवा त्याला कोल्हापुरी कळली नाही.

आई_आणि_टॅक्सी_ड्रायव्हर:
मी एरवी नुसती वाचते पण आज लिहावंसं वाटलं. माझा मुलगा तेरा वर्षांखालच्या टीममधे खेळतो, दर शनिवारी सकाळी मी त्याला घेऊन कुठे कुठे जाते. मागच्या महिन्यात त्याला यलो मिळाला. काय केलं विचारलं तर म्हणे "सर, तो ऑफसाइड होता" एवढंच म्हटलं. ओरडून नाही, सर म्हणून. मला ते खूप लागलं, कारण त्याच वेळी आमच्या बाजूच्या टचलाइनवर एक बाबा उभे होते ते पूर्ण मॅचभर रेफ्रीला काय काय बोलत होते, त्यांना कोणी काही म्हणालं नाही. रेफ्री पण कॉलेजमधला मुलगाच होता, एकोणीस-वीसचा असेल. मुलाला मी काय सांगू, बोलूच नको? आणि तो ऑफसाइड खरंच होता का ते मला कळत नाही, मी तेव्हा डबे भरलेली पिशवी शोधत होते.

शिट्टीवाला:
ताई, त्याला सांगा की कॅप्टनला सांग. हल्ली वरच्या लेव्हलला पण हेच चाललंय, २०२४ च्या युरो कपला यूएफाने (युरोपच्या फुटबॉल संघटनेने) ठरवलं की रेफ्रीशी फक्त कॅप्टनच बोलेल, बाकी जो घोळक्याने येईल त्याला यलो. कॅप्टन गोलकीपर असेल तर मैदानातला दुसरा एक जण आधीच ठरवून द्यायचा. मला ते फार आवडलं. लहान पोरांच्या मॅचला मी टॉसच्या वेळीच सांगतो, कॅप्टनने येऊन विचारलं तर मी उत्तर देईन, बाकी कोणी विचारलं तर देणार नाही. पण "सर ऑफसाइड होता" एवढ्यावर तेरा वर्षांच्या मुलाला यलो, हे मी नसतं केलं. नवीन पोरगा असेल, मॅच हातातून जाईल या भीतीने लवकर कार्ड काढतात.

आणि त्या बाबांचं. टचलाइनवरच्या पालकांना कार्ड दाखवता येत नाही, ते टीमचे अधिकारी नसतात. रेफ्री मॅच थांबवून आयोजकांना सांगू शकतो की यांना लांब न्या नाहीतर मी पुढे खेळवत नाही. पण एकोणीस वर्षांचा मुलगा पन्नाशीच्या माणसाला हे सांगणार कसं? आमच्या बॅचमधे परीक्षा पास झालेले निम्मे तरी आता शिट्टी घेत नाहीत, आणि त्यातल्या बऱ्याच जणांचं कारण हेच आहे.

पेठी_गनर:
इंग्लंडमधे लोकल लेव्हलला यावर एक उपाय केलाय. विरोध केला की यलो, आणि वर दहा मिनिटं बाहेर बसायचं. २०१९ पासून आहे. आधी काही लीगमधे करून बघितलं तर विरोधाचे प्रकार ३८ टक्क्यांनी कमी झाले असं त्यांच्याच असोसिएशनने सांगितलंय. मला हे आवडतं कारण यलोने काहीच होत नाही, पोरं हसत घेतात. दहा मिनिटं टीम दहा जणांत खेळली की टीमचीच पोरं त्याला गप्प करतात. लेफ्टबॅक, तुमचा नऊ नंबर पहिल्या यलोलाच बाहेर बसला असता तर टाळ्या वाजवायला मैदानात नसताच.

आणि कार्डांचा विषय निघालाच आहे तर, ही कार्डं ज्याला सुचली तो केन अॅस्टन, इंग्लंडचा. १९६६ च्या वर्ल्डकपला इंग्लंड-अर्जेंटिना मॅचमधे कोणाला वॉर्निंग दिली कोणाला नाही याचा गोंधळ झाला, घरी जाताना तो लंडनमधे सिग्नलला थांबला आणि त्याला सुचलं की पिवळा म्हणजे सांभाळ, लाल म्हणजे थांब. १९७० च्या मेक्सिकोपासून कार्डं आली. अलका चौकात थांबला असता तर सुचलं नसतं. इथे पिवळा दिसला की लोक गाडी अजून पळवतात आणि लाल दिसला की डावीकडून काढतात.

लेफ्टबॅक_कोथरूड:
हाहा. बरं, ऑफसाइडचं मी ग्रुपवर टाकलं, वेलाचा व्हिडिओ पण टाकला. कोणी काही बोलेना, म्हणजे पटलंय. पण एक जण म्हणतोय की बॉल आत जायच्या आधी लाइनवरच्या डिफेन्डरच्या मांडीला लागला होता मग आमच्या पोराकडे आला, म्हणजे डिफेन्डरने खेळला की ऑफसाइड जातो ना?

शिट्टीवाला:
मुद्दाम खेळला तर जातो. लागला तर नाही. आणि गोल वाचवायला पाय घातला असेल तर ते सेव्ह, त्यानेपण ऑफसाइड जात नाही.

याच्यावरून २०२१ च्या नेशन्स लीग फायनलला केवढं रामायण झालं, फ्रान्स-स्पेन. एमबापे ऑफसाइडला होता, स्पेनच्या एरिक गार्सियाने पाय ताणून बॉलला जरासा स्पर्श केला, रेफ्रीने म्हटलं त्याने मुद्दाम खेळला, गोल दिला, फ्रान्स जिंकलं. स्पेनवाले म्हणाले, अरे पण तो अडवायलाच तर गेला होता, न जाता काय करणार. पुढच्या वर्षी मग नियमवाल्यांनी खुलासा काढला, की डिफेन्डरला बॉल दिसत होता का, लांबून येत होता का, तोल नीट होता का, वेळ होता का, हे सगळं असेल तरच मुद्दाम खेळला म्हणायचं. त्यांच्या डिफेन्डरला दोन यार्डांवरून मांडीला लागलाय. ऑफसाइडच.

कोल्हापूरकर_सध्या_हिंजवडी:
आनि डिफेन्डर मुद्दाम लाइनच्या बाहीर जाऊन उभा राहिला तर? मग समोरचा ऑफसाइड व्हईल की. आमच्यात एक जण हे करतोय.

शिट्टीवाला:
नाही होत. बाहेर गेला तरी तो गोललाइनवरच आहे असं धरतात, बॉल थांबेपर्यंत किंवा त्याच्या टीमने बॉल पुढे पेनल्टी एरियाच्या बाहेर काढेपर्यंत. २००८ च्या युरोला इटलीचा पानुची मार लागून गोललाइनच्या बाहेर पडला होता, हॉलंडच्या व्हॅन निस्टलरॉयने एकटा आत उभा राहून गोल केला, सगळ्या इटलीने ऑफसाइड म्हणून बोंब मारली, गोल बरोबर होता. आणि तुमच्या त्या पोराला सांग, मुद्दाम गेला तर पुढच्या वेळी बॉल थांबला की यलो पण मिळतो.

बालेवाडी_जुना:
या सगळ्यात मला वेंगरचं, आर्सेनलच्या जुन्या कोचचं, म्हणणं पटतं, की अंगाचा कुठलाही भाग डिफेन्डरच्या बरोबरीत असला तरी ऑनसाइड द्या, पूर्ण पुढे असेल तरच ऑफसाइड. बुटाच्या टोकावर गोल रद्द करण्यात काय अर्थ आहे. नियम कशासाठी होता, गोलजवळ तळ ठोकून बसणाऱ्यांसाठी.

पेठी_गनर:
वेंगर देवमाणूस, पण इथे नाही. रेघ पुढे सरकवली तरी रेघ ती रेघच, आता पायाच्या बोटावरून भांडतो तेव्हा टाचेवरून भांडू. आणि डिफेन्डर काय करतील, दोन पावलं मागे उभे राहतील, मग सगळ्या टीम आपल्या बॉक्समधे बसतील. १९२५ ला हेच झालंय, आधी मागे तीन जण लागायचे ते दोन केले, गोल धडाधड पडायला लागले, आणि लगेच आमच्या आर्सेनलच्या तेव्हाच्या कोच चॅपमनने सेंटर हाफ मागे खेचून डिफेन्समधे बसवला. नियम सैल केला की डिफेन्स हुशार होतो.

बालेवाडी_जुना:
तू प्रत्येक धाग्यात आर्सेनल आणणार हे मला माहीत होतं.

लेफ्टबॅक_कोथरूड:
शेवटचा प्रश्न मग बंद करा. आमच्या इथे लाइन्समन दोन्ही टीमनी एकेक द्यायचा असतो. त्या दिवशी फ्लॅगवाला त्यांच्याच क्लबचा होता. हे चालतं का?

शिट्टीवाला:
हे आधी सांगायचं होतंस. क्लबचा लाइन्समन घ्यावा लागतो बऱ्याच मॅचला कारण माणसंच मिळत नाहीत. पण शहाणा रेफ्री त्याला सांगतो की तू फक्त बॉल बाहेर गेला की फ्लॅग दाखव, ऑफसाइड मी बघतो. क्लबच्या माणसाच्या फ्लॅगवर सेमीफायनलचा गोल रद्द करणं हे मला पण खटकलं. निर्णय बरोबर निघाला तरी. समोरच्याला संशय येणारच, आणि मग टाळ्या वाजणारच. आयोजकांना लेखी द्या की सेमीफायनलपासून तरी दोन न्यूट्रल लाइन्समन घ्या, पैसे दोन्ही टीमकडून काढा.

लेफ्टबॅक_कोथरूड:
हेच! हेच मी रविवारपासून म्हणतोय. आता पुढच्या टुर्नामेंटला आमच्यावर लाइन्समन द्यायची पाळी आली तर नऊ नंबरला देतो, तसाही रेडमुळे पहिली मॅच बसणार आहे तो.

शिट्टीवाला:
बसणार की नाही ते आधी बघा. टुर्नामेंट खाजगी असेल तर ती बंदी दुसऱ्या टुर्नामेंटला लागेलच असं नाही, ज्याची स्पर्धा त्याचे नियम. आणि लागली तर ज्याच्यावर बंदी आहे त्याच्या हातात फ्लॅग कोणी देणार नाही.

पेठी_गनर:
कोचला द्या. त्यांना यलोच आहे.

लेफ्टबॅक_कोथरूड:
कोचना ऑफसाइड येत नाही. ग्रुपवर सगळ्यात जास्त तेच भांडतायत.